अर्ज दिल्लीत, आपण बडोद्यात: नागरिकत्वाची वाट पाहताना काय सांभाळायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही मॉरिशसच्या मराठी घरातल्या. २००७ च्या जुलैमध्ये शास्त्रीय गायन शिकायला बडोद्याच्या म्युझिक कॉलेजात आलात आणि इथल्याच झालात. २०२० मध्ये सुटीला गेलेल्या असताना टाळेबंदी लागली आणि सात महिने तिकडे अडकलात. २०२१ च्या सुरुवातीला दांडिया बाजारातल्या मराठी कुटुंबात तुमचं लग्न झालं. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये नागरिकत्व कायद्याच्या कलम ६ खाली, म्हणजे नॅचरलायझेशनसाठी (दीर्घ वास्तव्याच्या आधारावर मिळणाऱ्या नागरिकत्वासाठी) अर्ज केलात. पोलिसांची चौकशी झाली, कलेक्टर कचेरीतून फाइल पुढे गेल्याचं सांगितलं गेलं, आणि तेव्हापासून पोर्टलवर एकच ओळ दिसते आहे. पुढच्या वर्षी पासपोर्ट संपतो. आता बाळही होणार आहे. एक नातेवाईक म्हणतात, अर्ज मागे घे आणि नवऱ्याच्या नात्याने नवा कर. दुसरे म्हणतात, दिल्लीत एक माणूस आहे, पैसे दिले की फाइल हलते.

आधी उत्तर सांगते. अर्ज मागे घेऊ नका. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. आणि तुमची काळजी फाइलकडून काढून तुमच्या व्हिसाकडे वळवा. फाइल किती वेगाने चालेल ते तुमच्या हातात जवळजवळ नाही. पण ती उघडली जाईल त्या दिवशी तुम्ही कायद्याच्या नजरेत कोण असाल, हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. वडोदरा आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या अशा अर्जांचं काम मी वकील म्हणून बरीच वर्षं करते आहे. थांबून थांबून हरलेली माणसं मी फारशी पाहिली नाहीत. थांबण्याच्या काळात कागद निसटल्यामुळे हरलेली मात्र पाहिली आहेत.

फाइल कुठून कुठे जाते ते समजलं की निम्मी घालमेल कमी होते. अर्ज ऑनलाइन भरला तरी तो आधी कलेक्टरांकडे येतो. ते पोलिसांकडून आणि स्थानिक गुप्तवार्ता शाखेकडून माहिती मागवतात, मूळ कागद पाहतात आणि आपला अहवाल राज्य सरकारकडे पाठवतात. यासाठी ६० दिवस ठरवलेले आहेत. गांधीनगरच्या गृह विभागाने आपली शिफारस जोडून फाइल केंद्रीय गृह मंत्रालयाकडे धाडायची, त्याला ३० दिवस. प्रत्यक्षात हे दोन्ही आकडे ओलांडले जातात, पण विचारणा करताना ते उपयोगी पडतात, म्हणून लक्षात ठेवा. त्यानंतर केंद्राच्या सुरक्षा यंत्रणांची तपासणी सुरू होते. तिला लागणारा वेळ प्रत्येक प्रकरणात वेगळा असतो आणि त्या टप्प्यावर पोर्टल बहुधा काहीच बोलत नाही. ओळ बदलली नाही याचा अर्थ नकार मिळाला असा नाही, फाइल हरवली असाही नाही.

आता तुमच्या सिंधी शेजाऱ्यांबद्दल. त्यांना प्रमाणपत्र कलेक्टरांकडूनच मिळालं आणि तुमची फाइल दिल्लीला गेली, हे तुम्हाला अन्यायाचं वाटतं. कारण साधं आहे. २८ मे २०२१ च्या अधिसूचनेने केंद्राने नागरिकत्व देण्याचे आपले अधिकार काही जिल्ह्यांच्या कलेक्टरांना दिले आणि त्यात वडोदरा होतं. मोरबी, राजकोट आणि पाटणही होते. पण ते अधिकार पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन अर्जदारांपुरतेच आहेत. नागरिकत्व कायद्यातली २०१९ ची दुरुस्ती (सीएए) आणि मार्च २०२४ मध्ये आलेले तिचे नियमही याच तीन देशांसाठी आहेत. त्यांना ११ ऐवजी ५ वर्षांचा रहिवास पुरतो, अट एवढीच की ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत ते भारतात आलेले असावेत. मॉरिशस त्या यादीत नाही. तुम्ही हिंदू आहात, मराठी आहात, याने तिथे फरक पडत नाही. म्हणून त्यांच्या फाइलच्या वेगाशी आपल्या फाइलची तुलना करू नका. दोन्हींचा रस्ताच वेगळा आहे.

त्या सात महिन्यांचा हिशेब आता करू, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच दिसली. कायद्याची तिसरी अनुसूची सांगते की अर्जाच्या लगतच्या आधीचे बारा महिने तुम्ही सलग भारतात असायला हवं, आणि त्या बारा महिन्यांच्या आधीच्या चौदा वर्षांत सगळं मिळून किमान अकरा वर्षं. तुमचे बारा महिने नोव्हेंबर २०२१ ते नोव्हेंबर २०२२. त्या काळात तुम्ही बाहेर गेला नाहीत असं लिहिलं आहे, तर तो भाग स्वच्छ. (त्यात एखादी अपरिहार्य फेरी झाली असती तरी विशेष परिस्थितीत एकूण ३० दिवसांपर्यंत सूट द्यायचा अधिकार केंद्राला आहे. ती मात्र मागावी लागते आणि कारण पटवावं लागतं.) चौदा वर्षं म्हणजे नोव्हेंबर २००७ ते नोव्हेंबर २०२१. तुम्ही त्याच्या आधीच इथे आला होतात. चौदातून अकरा वजा केले की तीन वर्षं, म्हणजे ३६ महिने बाहेर राहण्याची मुभा उरते. टाळेबंदीचे सात आणि दरवर्षीच्या उन्हाळी सुट्या धरूनही, तुम्ही कळवलेल्या तारखांवरून तुम्ही त्या मर्यादेच्या बऱ्याच आत आहात. तरी सगळ्या जुन्या पासपोर्टांवरचे शिक्के पाहून येण्याजाण्याच्या तारखांचा एक तक्ता बनवा, खाली सही करा आणि जपून ठेवा. शंका आलीच तर ती याच मुद्द्यावर येते, आणि तेव्हा तयार तक्ता समोर ठेवणाऱ्याचं काम सोपं होतं.

याच हिशेबात अर्ज मागे घेण्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. नवऱ्याच्या नात्याने करायचा अर्ज कलम ५(१)(सी) खाली नोंदणीचा असतो. तिथे लागतात सात वर्षं: लगतचे बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत एकूण सहा. अट हलकी आहे यात शंका नाही. पण फाइल त्याच टेबलांवरून जाते: तोच कलेक्टर, तेच पोलीस ठाणे, तेच गांधीनगर, तेच मंत्रालय. आज अर्ज मागे घेतलात तर झालेली चौकशी वाया जाईल आणि सगळं पहिल्यापासून सुरू होईल. तुमची अकरा वर्षं भरत नसती तर मी स्वतः तुम्हाला तिकडे वळायला सांगितलं असतं. ती भरतात. मग रांग सोडायचं कारण नाही.

आता व्हिसा. हे मी जरा लांबण लावून सांगणार आहे. नॅचरलायझेशन मागणारी व्यक्ती ‘अवैध स्थलांतरित’ नसावी, ही कलम ६ ची पहिलीच अट आहे. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे वैध कागदांशिवाय आलेला माणूस तर अवैध ठरतोच, पण वैध कागदांवर येऊन मुदतीनंतर राहिलेलाही ठरतो. नागरिकत्वाचा अर्ज प्रलंबित आहे म्हणून व्हिसा आपोआप वाढत नाही. हे वाक्य कृपया घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, कारण ‘अर्ज केलाय ना, आता कशाला व्हिसा’ हा समज मी सुशिक्षित घरांत ऐकते. मुदत संपण्याच्या पुरेसं आधी ई-एफआरआरओ पोर्टलवर, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर, वाढीचा अर्ज करा. त्याची पावती, जुना परवाना, नवा परवाना, सगळं एकाच फाइलमध्ये क्रमाने लावा. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचे जुने कायदे जाऊन २०२५ चा नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झाला आहे. कोणी जुन्या कायद्याच्या भरवशावर ‘चालतं हो’ म्हणालं तर ऐकू नका.

पासपोर्टही याच साखळीत येतो. त्याची मुदत संपत आली की व्हिसाची वाढ तिथेच अडते. दिल्लीतल्या मॉरिशसच्या उच्चायुक्तालयाकडे नूतनीकरणाचा अर्ज आताच करा, शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका. बाळंतपणाच्या दिवसांत ही धावपळ नको. नवा पासपोर्ट आला की त्याचा नंबर बदललेला असतो, तो तीन ठिकाणी कळवायचा: ई-एफआरआरओला, नागरिकत्वाच्या पोर्टलवर जिथे सोय असेल तिथे, आणि कलेक्टर कचेरीत लेखी अर्ज देऊन. लेखी दिलेल्या प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पत्ता बदलला तरी हेच. चौकशीला आलेल्या हवालदाराला जुन्या पत्त्यावर कुलूप दिसलं तर अहवालात ‘अर्जदार मिळून आल्या नाहीत’ अशी ओळ जाते, आणि ती पुसायला नंतर फार कष्ट पडतात.

तुम्ही घरी फी घेऊन गाण्याचे क्लास घेता असं ओझरतं लिहिलं आहे. तुमचा सध्याचा व्हिसा पत्नी म्हणून मिळालेला एंट्री व्हिसा असेल तर त्यावर नोकरी-धंदा करता येत नाही. हे थांबवा. चारित्र्य चांगलं असणं ही नॅचरलायझेशनची लेखी अट आहे आणि व्हिसाच्या शर्तीचा भंग त्यात मोजला जाऊ शकतो. गाणं थांबवा असं मी म्हणत नाही. फी थांबवा, आणि ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्डाची तयारी सुरू करा.

ओसीआयबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण माझ्या मते तुमच्या निम्म्या प्रश्नांचा तोडगा तिथेच आहे. ते कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, शेतजमीन घेता येत नाही. पण आजन्म व्हिसा मिळतो, मुदतवाढीचं चक्र संपतं आणि काम करायला मोकळीक मिळते. तुम्हाला दोन वाटा आहेत. पहिली लग्नाची: नोंदणी झालेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलेलं हवं, तुमचं ते आहे, आणि कार्ड देण्याआधी सुरक्षा तपासणी होते. दुसरी वंशाची: मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या होत्या, तेव्हा भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआयची खास सवलत जाहीर झाली. त्यासाठी पूर्वज भारतातून गेल्याचा पुरावा लागतो. गिरमिटिया, म्हणजे कराराने नेलेल्या मजुरांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात आहेत. तुमच्या माहेरच्या कोणाला तरी तिथे पाठवून खापरपणजोबांची नोंद काढून घ्या. मी असते तर वंशाची वाट धरली असती. लग्नावर मिळालेलं कार्ड लग्न मोडल्यास रद्द होऊ शकतं, वंशाचं तसं नाही. तुमच्या संसाराबद्दल मला काही सुचवायचं नाही. कुठल्याही बाईचा देशात राहण्याचा हक्क शक्य तिथे तिच्या स्वतःच्या नावावर असावा, असं मला मनापासून वाटतं. आणि समजा कलम ६ चा अर्ज नामंजूर झालाच, तर पाच वर्षं ओसीआय आणि लगतचे बारा महिने भारतात वास्तव्य एवढ्यावर कलम ५(१)(जी) खाली तुम्हाला पुन्हा दार उघडं राहतं. कार्ड मिळालं की तेही कलेक्टर कचेरीत लेखी कळवायचं.

बाळाची काळजी मात्र सोडा. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील भारतीय असतील आणि दुसरा पालक जन्माच्या वेळी अवैध स्थलांतरित नसेल, तर ते मूल जन्माने भारतीय असतं. तुमचे यजमान भारतीय आहेत. अट फक्त तुमच्या बाजूची उरते, आणि ती म्हणजे पुन्हा तोच वैध व्हिसा. प्रसूतीच्या तारखेला तुमचा परवाना चालू असेल याची खात्री करा. जन्माची नोंद २१ दिवसांत महापालिकेत करून घ्या, आई-वडिलांची नावं पासपोर्टावर आहेत तशीच लिहा. मॉरिशसच्या कागदांत तुमचं आडनाव फ्रेंच वळणाने लिहिलेलं आहे आणि इथल्या पदवीवर वेगळं. ही तफावत आता बाळाच्या दाखल्यात उतरू देऊ नका. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून ठेवा. बाळासाठी मॉरिशसचा पासपोर्ट काढायची घाई नको, भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही.

एक धोका लोकांच्या ध्यानातच येत नाही. तुमच्याकडे आधार कार्ड आहे, ते असायला हरकत नाही, इथे राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला ते मिळतं. पण मतदार यादीचं काम करणारा कर्मचारी घरी आला की सासूबाई प्रेमाने सुनेचंही नाव देतात. ते होऊ देऊ नका. परदेशी नागरिकाचं नाव मतदार यादीत सापडणं म्हणजे खोटं निवेदन केल्याचा ठपका. नाव आधीच लागलं असेल तर लगेच फॉर्म ७ भरून काढून टाका आणि पोच जपा. अर्जात काही लपवून मिळवलेलं नागरिकत्व कलम १० खाली पुढे काढूनही घेता येतं. जुना अपघाताचा गुन्हा असो की वाहतुकीचा खटला, विचारलं असेल तिथे खरं लिहा.

मग विचारपूस करायची की नुसतं बसायचं? करायची, पण योग्य माणसाने. माहितीचा अधिकार फक्त भारतीय नागरिकांना आहे, म्हणून तुमच्या नावाने अर्ज करू नका, तो तिथेच परत येईल. अर्ज यजमानांनी करायचा आणि तुमचं सहीचं संमतिपत्र जोडायचं, नाहीतर ‘त्रयस्थाची माहिती’ म्हणून नाकारतात. आधी गांधीनगरच्या गृह विभागाला दोनच गोष्टी विचारा: फाइल केंद्राकडे कोणत्या तारखेला आणि कोणत्या जावक क्रमांकाने गेली. गुप्तचर यंत्रणेचा अहवाल मागू नका, तो मिळत नाही आणि त्या एका मागणीपायी सगळा अर्ज फेटाळला जातो. जावक क्रमांक हाती आला की त्याचा उल्लेख करून मंत्रालयाला साधं स्मरणपत्र पाठवा. दिल्लीतला तो माणूस याहून वेगळं काहीही करू शकत नाही.

कोर्टाचंही विचारलं आहे. कलम १४ प्रमाणे अर्ज मंजूर वा नामंजूर करणं सरकारच्या विवेकावर आहे आणि कारण देण्याचं बंधन नाही. ऐकायला कठोर आहे, पण हे माहीत असलेलं बरं. नकार आला तर केंद्राच्या आदेशाविरुद्ध कलम १५ए खाली पुनर्विलोकन मागता येतं, मुदत ३० दिवसांची. म्हणून पोर्टल आणि ईमेल दर आठवड्याला पाहायची सवय ठेवा. निर्णयच होत नसेल तर अहमदाबादला उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, पण न्यायालय बहुतेक वेळा ‘अमुक मुदतीत निर्णय घ्या’ एवढंच सांगतं, ‘नागरिकत्व द्या’ असं नाही. तुमच्या बाबतीत आज मी रिट करणार नाही. आधी जावक क्रमांक, दोन स्मरणपत्रं, आणि ओसीआयचं काम पूर्ण. त्यानंतरही काही हललं नाही तर बसून बोलू.

एक दिवस मंत्रालयाचं पत्र येईल की अर्ज तत्त्वतः स्वीकारला आहे, मूळ नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्या. ते पत्र हातात येईपर्यंत मॉरिशसचं नागरिकत्व सोडू नका. उत्साहाच्या भरात आधीच सोडून दोन्हीकडून सुटलेली माणसं असतात. अनुसूचीतला शब्दही तोच आहे: अर्ज स्वीकारला गेला तर मूळ नागरिकत्व सोडेन, अशी हमी. पत्र आल्यावर मात्र दिरंगाई नको, त्यात दिलेली मुदत पाळायची असते. नागरिकत्व त्यागाची पद्धत काय, कोणते कागद लागतात, किती आठवडे जातात, हे उच्चायुक्तालयाला आताच ईमेलने विचारून उत्तर छापून ठेवा. त्याग आणि प्रमाणपत्र यांच्या मधल्या दिवसांत परदेश प्रवास होणार नाही, हे माहेरी आधी सांगून ठेवा. त्या काळात तिकडे कोणाचं लग्नकार्य किंवा आजारपण असेल तर तारखांचा विचार आधी करावा लागतो.

राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते. ती झाली की प्रमाणपत्राच्या तारखेपासून तुम्ही नागरिक. त्यानंतर ओसीआय कार्ड परत करायचं, भारतीय पासपोर्टाचा अर्ज करायचा आणि मतदार यादीसाठी फॉर्म ६ भरायचा. या आठवड्यात मात्र तीनच कामं: पासपोर्ट नूतनीकरण, प्रवासाचा तक्ता, आणि यजमानांच्या नावाने गांधीनगरला माहितीचा अर्ज. तक्ता तयार झाला की मला पाठवा, तारखा मी स्वतः तपासून देईन.